फोटोवरच्या फिल्ममध्ये फोटो तरी दिसू द्या : निवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
लघुमाहितीपट महोत्सवांच्या निवड समित्या व परीक्षक मंडळे

स.न.वि.वि.

छायाचित्रणाच्या कलेवरचे आणि एखादा फोटो माणसाला का हलवून सोडतो यावरचे लघुमाहितीपट तुमच्याकडे सतत येत असतात. तुम्ही काय निवडता ते पाहून पुढचे दिग्दर्शक आपली फिल्म बेततात. म्हणून हे पत्र दिग्दर्शकांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत. आम्ही सगळे याच कामातले आहोत: फोटो काढणारे, डार्करूममध्ये प्रिंट काढणारे, संग्रहात निगेटिव्ह सांभाळणारे आणि अशा फिल्म संकलित करणारे. आमची तक्रार एका ओळीची आहे. फोटोवरच्या फिल्ममध्ये फोटो दिसत नाही.

म्हणजे तो येतो पुष्कळदा. दोन-अडीच सेकंद येतो, येतानाच सरकायला लागलेला असतो, कडा पडद्याबाहेर गेलेल्या असतात, उपशीर्षकं त्याच्यावरच बसलेली असतात, मागे पियानो चाललेला असतो आणि निवेदक फोटोत जे दिसतंय तेच वाचून दाखवत असतो. प्रेक्षकाचे डोळे पाणावले तर ते फोटोनं की पियानोनं, हे कळायला मार्गच राहत नाही. समितीच्या बैठकीत एक साधी परीक्षा घ्या. आवाज पूर्ण बंद करून फिल्ममधला सर्वांत महत्त्वाचा फोटो जेवढा वेळ येतो तेवढाच पाहा, मग फिल्म थांबवा आणि त्यात काय काय होतं ते कागदावर लिहा. चार गोष्टी लिहिता आल्या नाहीत, तर ती फिल्म फोटोबद्दल नाही. फोटोग्राफरच्या चरित्राबद्दल असेल. त्यात वावगं काही नाही, पण मग तिची तुलना त्याच प्रकारच्या फिल्मशी करा.

आधी कडांचं बोलू, कारण तिथे तुमचा नियम आड येतो. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ × ३६ मिमी, म्हणजे ३:२. पडदा १६:९. १९२० × १०८० च्या पडद्यावर हा फोटो पूर्ण दाखवला तर १६२० × १०८० जागा घेतो आणि दोन्ही बाजूंना १५० पिक्सेलची काळी पट्टी उरते. पट्टी नको म्हणून रुंदी भरली की उंचीतला जवळजवळ १६ टक्के भाग जातो. ६ × ६ सेंमीच्या चौरस निगेटिव्हचा ४४ टक्के भाग जातो. उभा २:३ फोटो पडदाभर पसरला तर ६२ टक्क्यांहून अधिक फोटो प्रेक्षकाला दिसतच नाही. चौकटीत काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं हाच फोटोग्राफरचा मुख्य निर्णय असतो. कडेला अर्धवट कापलेला हात त्यानं मुद्दाम तसा ठेवलेला असू शकतो. कलेवर फिल्म करायची आणि कलेतला हाच निर्णय संकलनाच्या टेबलावर पुसायचा, हे विचित्र आहे. पण दिग्दर्शक तरी काय करणार? प्रवेशिकेच्या तांत्रिक अटींत 'काळ्या पट्ट्या चालणार नाहीत' असं छापलेलं असतं. चुकीच्या मापात निर्यात झालेल्या फिल्म अडवण्यासाठी ती अट ठीक आहे. तिच्यात एक वाक्य वाढवा: स्थिरचित्र पूर्ण दाखवण्यासाठी सोडलेली मोकळी जागा हा दोष मानला जाणार नाही. ती जागा धूसर केलेल्या त्याच फोटोनं भरण्याची जी पद्धत पडली आहे, ती मात्र आम्हाला पट्ट्यांपेक्षा वाईट वाटते. डोळा त्या धूसर हालचालीकडेच ओढला जातो.

उपशीर्षकांचा प्रश्न याच जागेतून सुटतो. फोटो पूर्ण उंचीचा न ठेवता १३८० × ९२० एवढा ठेवावा, वर ४० पिक्सेल सोडावेत, खाली १२० उरतात. दोन ओळींची उपशीर्षकं तेवढ्यात मावतात आणि फोटोतल्या माणसांचे पाय झाकले जात नाहीत. हे मांडणीच्या पहिल्या दिवशीच ठरवावं लागतं. संकलन पूर्ण झाल्यावर कोणी करत नाही, कारण मग प्रत्येक फोटोचं माप पुन्हा बदलावं लागतं.

किती वेळ? आमच्या अनुभवात एका माणसाच्या साध्या फोटोला आठ सेकंद, गर्दीच्या किंवा गुंतागुंतीच्या फोटोला बारा ते पंधरा. एवढ्या वेळात नजर आधी चेहऱ्यावर जाते, मग हातांवर, मग पार्श्वभूमीवर आणि परत चेहऱ्यावर येते; दुसऱ्यांदा आलेली नजर काहीतरी वेगळं पाहते. आता हिशेब करा. पंधरा मिनिटांच्या फिल्ममध्ये साठ फोटो कोंबले आणि प्रत्येकाला आठ सेकंद दिले, तर आठ मिनिटं त्यातच गेली. म्हणून दोन-दोन सेकंद वाट्याला येतात. उपाय फोटो कमी करण्याचा आहे. फ्रेंच दिग्दर्शिका ॲन्येस वार्दा यांची 'युलिस' (१९८२) २२ मिनिटांची आहे आणि ती १९५४ मध्ये त्यांनीच काढलेल्या एका फोटोभोवती फिरते: समुद्रकिनारा, मेलेली बकरी, एक मुलगा, एक पाठमोरा पुरुष. मोठा झालेला तो मुलगा सांगतो की त्याला यातलं काहीच आठवत नाही. फिल्म तिथे अडत नाही, उलट तिथूनच पुढे सरकते.

निवेदनासाठी आणखी एक उदाहरण द्यायला हवं. अमेरिकन प्रयोगपटकार हॉलिस फ्रॅम्प्टन यांच्या 'नॉस्टॅल्जिया' (१९७१) मध्ये एकेक फोटो गरम शेगडीवर जळत जातो आणि आवाज मात्र पुढे येणाऱ्या फोटोचं वर्णन करत असतो. ऐकलेलं आणि पाहिलेलं जुळवताना प्रेक्षकाला लक्ष द्यावंच लागतं. सगळ्यांनी असंच करावं असं नाही. पण आवाज आणि चित्र एकाच क्षणी एकच गोष्ट सांगत असतील तर त्यातलं एक फुकट जातं, हे त्यावरून शिकता येतं. व्यवहारात एवढं पुरतं: माहिती फोटो येण्याआधी द्या किंवा गेल्यावर द्या, फोटो असताना गप्प बसा.

आता सरकवण्याबद्दल. फोटोवरून कॅमेरा फिरवण्याला आमचा विरोध नाही. नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडाची 'सिटी ऑफ गोल्ड' (१९५७, दिग्दर्शन कॉलिन लो आणि वुल्फ केनिग) कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये सोनं शोधायला उसळलेल्या गर्दीच्या जुन्या फोटोंवर उभी आहे आणि तिच्यातला कॅमेरा त्या फोटोंत अक्षरशः हिंडतो. अमेरिकन माहितीपटकार केन बर्न्स यांनी तिचं ऋण मान्य केलं आहे. पुढे त्यांच्याच नावाचं बटण संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आलं आणि घोटाळा तिथून सुरू झाला. बटण दाबलं की प्रत्येक फोटो आपोआप पुढे येतो, कारण असो वा नसो. आमची कसोटी सोपी आहे. हालचाल जिथे सुरू होते आणि जिथे संपते, ती दोन्ही ठिकाणं स्वतंत्र फोटो म्हणून पाहण्यासारखी हवीत, आणि त्याआधी किंवा नंतर पूर्ण फोटो एकदा स्थिर दिसायला हवा. सेकंदाला २४ फ्रेम असताना आडवी सरक फार वेगानं केली तर चित्र थरथरतं. एखादी वस्तू पडद्याची रुंदी ओलांडायला निदान सात सेकंद घेईल असा वेग ठेवावा. फार सावकाश सरकवताना उलटी अडचण येते. फ्रेममागे एक पिक्सेलसुद्धा सरक होत नसेल आणि सॉफ्टवेअर पिक्सेलच्या मधल्या जागा नीट मोजत नसेल, तर फोटो पायऱ्यांनी हलतो, विटांच्या भिंती आणि तारा चमचमतात. उभ्या दिशेनं अर्ध्या पिक्सेलइतकी धूसरता दिली की बहुतेक वेळा ते थांबतं. लॅपटॉपवर हे दिसत नाही, मोठ्या पडद्यावर दिसतं.

जवळ जायचं तर स्कॅनमध्ये तेवढा माल हवा. ३५ मिमी निगेटिव्ह ४००० पीपीआयला (इंचामागे ४००० पिक्सेल) स्कॅन केली की साधारण ५६७० × ३७८० पिक्सेल मिळतात. ४के पडद्याची उंची २१६०. म्हणजे पावणेदोन पटीपर्यंतच जवळ जाता येतं. त्यापुढे दिसतो तो सॉफ्टवेअरनं भरलेला पोकळ मऊपणा. ८ × १० इंचाचा आडवा प्रिंट ३०० पीपीआयला स्कॅन केला तर उंचीत २४०० पिक्सेल येतात, जवळ जायला जागाच नाही. ६०० ला केला तर सव्वादोन पटीच्या आसपास. वर्तमानपत्रात छापलेल्या फोटोत छपाईचे ठिपके असतात, ते स्कॅनरच्या रेघांशी भांडतात आणि लाटांसारखी नक्षी उठते. तिथे १२०० पीपीआयला स्कॅन करून, थोडं धूसर करून मग लहान करावं. त्याहून चांगलं म्हणजे मूळ प्रिंट शोधावा. आणि फिल्मचे दाणे (ग्रेन) पुसू नयेत. निवडीसाठी पाठवलेल्या दाबलेल्या फाइलीत फिल्मचे दाणे चिखल होतात, आकाशाच्या मंद छटांत पट्टे दिसू लागतात. परीक्षकाला वाटतं फोटोच वाईट आहे. निदान अंतिम फेरीच्या फिल्म तरी चांगल्या, १० बिटच्या (छटांच्या जास्त पायऱ्या असलेल्या) फाइलीवरून आणि मोठ्या पडद्यावर पाहा.

प्रिंट कॅमेऱ्यानं टिपणं हे खरं कौशल्याचं काम आहे आणि फिल्मचा कस तिथे लागतो. सपाट नक्कल हवी असेल तर दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, सारख्या अंतरावर. चकचकीत प्रिंटवर तरीही उजेड उमटतो. मग दिव्यांवर पोलरायझर (एकाच दिशेच्या प्रकाशलहरी जाऊ देणारी) फिल्म लावायची आणि लेन्सवरचा पोलरायझर तिच्याशी ९० अंशांत फिरवायचा. झळाळी पूर्ण जाते. उजेड कित्येक स्टॉपनी (दर स्टॉपला निम्मा) घटतो, म्हणून ट्रायपॉड हवाच. पण यात एक गोम आहे. झळाळीबरोबर प्रिंटचं अंगही जातं. जुन्या सिल्व्हर जिलेटिन प्रिंटच्या काळ्या भागांत, विशेषतः कडांना, चांदी वर येऊन निळसर आरशासारखी चमक आलेली असते. अशा उजेडात ती दिसत नाही आणि ऐंशी वर्षांचा कागद कालच्या फाइलीसारखा दिसतो. म्हणून दोन्ही टिपा. एकदा सपाट नक्कल, फोटोत काय आहे ते पाहण्यासाठी. एकदा एकच दिवा बाजूनं अगदी खालच्या कोनात ठेवून, म्हणजे कागदाचा पोत, दुमडीच्या रेघा, मागून उमटलेला शिक्का, बोटांच्या खुणा सगळं उठून येतं. एखाद्यानं तो फोटो पाकिटात घडी घालून वर्षानुवर्षं बाळगला, हे निवेदकानं सांगण्यापेक्षा घडीवर पडलेला उजेड जास्त सांगतो. प्रिंट फ्रेमच्या काचेतून काढून घ्या, आणि हाताळताना सुती मोज्यांऐवजी नायट्राइलचे वापरा. सुती मोज्यांत पकड राहत नाही आणि कोपरा दुमडतो.

रंगाची चूक फार होते आणि ती सुधारायला दोन मिनिटं लागतात. स्कॅन बऱ्याचदा अडोबी आरजीबी या रंगमानकात असतो, व्हिडिओ रेक ७०९ या मानकात; रूपांतर न करता टाकला की रंग फिकट पडतात आणि मग संकलक ते अंदाजानं गडद करत बसतो. दुसरं, प्रिंटमधला काळा हा पडद्याच्या काळ्याइतका काळा कधीच नसतो आणि कागदाचा पांढरा शुभ्र नसतो. दोन्ही टोकं ताणून लावली की मूळ प्रिंटमधला मऊपणा संपतो. स्कॅनसोबत रंगपट्टी टिपलेली असेल तर वाद उरत नाही.

डार्करूमची दृश्यं निवडताना तर अधिक डोळसपणा हवा. लाल दिव्याखाली फिल्मचा रोल धुतला जातोय असं दाखवणाऱ्या फिल्म अजून निवडल्या जातात. नेहमीची कृष्णधवल फिल्म सर्व रंगांना संवेदनशील असते, ती पूर्ण अंधारातच हाताळावी लागते. लाल दिवा चालतो तो कृष्णधवल प्रिंटच्या कागदाला. (लाल उजेडाला संवेदनशील नसलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म हा अपवाद, पण अशा दृश्यांत ती क्वचितच असते.) लाल उजेडात चित्रीकरण करतानाही एक सापळा आहे. सेन्सरचा लाल वाहिनीचा (रेड चॅनलचा) भाग भरून वाहतो, हिरवा-निळा जवळजवळ रिकामा असतो, आणि एकूण उजेडाचा आलेख मात्र 'कमी आहे' असं सांगतो. त्यावर विश्वास ठेवून ॲपर्चर उघडलं की सगळं लाल रंगाचं सपाट थारोळं होतं. लाल वाहिनीचा आलेख वेगळा पाहावा. कॅमेऱ्याची स्क्रीन आणि रेकॉर्डिंगचा दिवा झाकावा, नाहीतर कागद धुरकटतो. खात्री करायची तर कागदाला आधी अगदी फिकट राखाडी येईल एवढा उजेड द्यावा, त्यावर नाणं ठेवून चित्रीकरणाला लागेल तेवढा वेळ कॅमेरा चालू ठेवावा आणि कागद डेव्हलप करावा. नाण्याची गोल खूण दिसली तर व्यवस्था चुकली.

मग येतो तो क्षण. २० अंश सेल्सिअसच्या डेव्हलपरमध्ये कागद गेल्यावर दहा-वीस सेकंदांत गडद भाग उमटू लागतात, प्लास्टिक थराचा कागद असेल तर दीड मिनिटात चित्र पूर्ण होतं. या विषयात याच्याइतकं नाट्य दुसऱ्या कशातच नाही, आणि नेमकं तेच वेग वाढवून तीन सेकंदांत उरकलं जातं. सलग नव्वद सेकंद घ्या. एकाच निगेटिव्हवरून सारख्या उजेडाचे पाच-सहा कागद आधीच तयार ठेवावेत, कारण पहिल्या दोन-तीन वेळा द्रवाच्या पृष्ठभागावर दिव्याचं प्रतिबिंब येतंच. कॅमेरा बाजूला घ्यावा, लेन्सवर पोलरायझर लावावा. आवाजाला चिमटा, पाणी आणि घड्याळ पुरतं.

आवाजाबद्दल आम्ही जरा चिडूनच लिहितो आहोत, ते समजून घ्या. प्रत्येक फोटोबरोबर शटरचा 'खटक' आणि पांढरा झोत ही सवय मोडायला हवी. युद्धाच्या स्थिरचित्राखाली गोळीबार, स्टेशनच्या फोटोखाली शिट्टी, हेही तसंच. तो आवाज त्या जागेचा नसतो, तयार ध्वनिसंग्रहातून आणलेला असतो, आणि माहितीपटात तो पुराव्यासारखा ऐकू येतो. शांतता हवी असेल तर ध्वनिपट्टी कोरी ठेवू नये. कोऱ्या जागेत प्रेक्षकाला यंत्र बिघडल्याचा भास होतो. मुलाखतीच्या खोलीत कोणी बोलत नसताना एक मिनिट ध्वनी टिपून ठेवावा आणि तो अगदी हळू पातळीवर चालू ठेवावा.

मुलाखतीत माणसाच्या हातात फोटो द्यावा, फोनवर दाखवू नये. मानववंशशास्त्रात छायाचित्रण वापरणारे जॉन कोलियर ज्युनियर यांनी १९५७ मध्येच लिहून ठेवलं आहे की फोटो समोर असला की माणसं अधिक नेमकं बोलतात आणि कमी थकतात. एक कॅमेरा चेहऱ्यावर, दुसरा वरून हातांवर. पहिला प्रश्न विचारण्याआधी अर्धा मिनिट काहीच बोलू नये. बोट फोटोत कुठे जाऊन थांबतं ते पाहावं. प्रश्न तिथूनच निघतो.

दंतकथांवर मात्र तुम्हीच लक्ष ठेवू शकता. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी काढलेले बहुतेक फोटो डार्करूममध्ये सुकवताना उष्णतेनं वितळले, ही गोष्ट दशकानुदशकं सांगितली गेली. २०१४ पासून अभ्यासकांनी तिच्यावर गंभीर आक्षेप घेतले आहेत, तरी ती येतच राहते, कारण ती पडद्यावर छान दिसते. छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढलेल्या 'मायग्रंट मदर'चं पाहा. त्या स्त्रीचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे १९७८ मध्ये जगासमोर आलं, आणि फोटोबद्दलची नाराजी तिनं स्वतः बोलून दाखवली. निगेटिव्हवरून एका कोपऱ्यातला अंगठा नंतर पुसला गेला. त्याच वेळी काढलेल्या इतर चौकटीही उपलब्ध आहेत. एवढं हाताशी असताना तोच एक फोटो, नाव न घेता, 'आईची वेदना' म्हणून सरकवणारी फिल्म आम्हाला आळशी वाटते. निवडलेल्या फोटोच्या आगेमागे काय होतं हे दाखवणारा कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या ३६ चौकटी एका कागदावर, कुठल्याही तज्ज्ञाच्या मुलाखतीपेक्षा जास्त उलगडतो. तो मागा.

फोटोतल्या माणसाला पापणी लवायला लावणं, ओठ हलवणं, कृष्णधवल फोटो रंगवणं, माणूस कापून वेगळा करून मागची जागा यंत्रानं भरणं: हे आता कोणालाही जमतं. प्रयोगपटात करावं. माहितीपटात ते करायचं असेल तर त्याच दृश्यावर लिहिलेलं असावं, श्रेयनामावलीच्या तळाशी नव्हे.

हक्कांबद्दल थोडक्यात. प्रिंट विकत घेतल्यानं तो फिल्ममध्ये दाखवण्याचा हक्क मिळत नाही. तो बहुधा फोटोग्राफरकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो, संग्रहाकडे बऱ्याचदा फक्त वस्तू असते. महोत्सवापुरती परवानगी घेतलेली फिल्म पुढे इंटरनेटवर टाकता येत नाही, आणि तुम्ही विजेत्या फिल्म ऑनलाइन दाखवणार असाल तर ते प्रवेशिकेतच ठळक सांगा. संकलन पक्कं झाल्यावर एका फोटोची परवानगी नाकारली गेली तर फिल्मचा कणा मोडतो.

आमच्या मागण्या त्यामुळे प्रवेशिकेच्या अर्जापुरत्याच आहेत. एक छायाचित्र-सूची मागा: फोटोग्राफर, वर्ष, मूळ माप, प्रक्रिया, प्रिंट सध्या कुठे आहे, आणि फिल्ममध्ये तो पूर्ण एकदा तरी दिसतो का. यंत्रानं केलेल्या फेरफारांचं निवेदन मागा. पट्ट्यांच्या अटीत वरचं वाक्य घाला. आणि प्रत्यक्ष खेळाच्या दिवशी प्रोजेक्टरवाल्याला फिल्मच्या आधी दहा सेकंदांची राखाडी पायऱ्यांची पट्टी चालवू द्या. फाइल उजेडाच्या १६ ते २३५ पातळ्यांची आणि यंत्र ० ते २५५ धरून बसलेलं असेल, तर काळा राखाडी आणि पांढरा मळका होतो. उलट असेल तर सावल्यांतले चेहरे पूर्ण काळे होतात. पट्टीवरून ते लगेच कळतं, आणि दुरुस्ती सेटिंगच्या एका ओळीत असते.

कळावे, लोभ असावा.

आपले,
छायाचित्रकार, प्रिंट काढणारे, संग्रहपाल आणि संकलक